मासळीची मोजणी आणि सरकारी तिजोरी

जमिनीवरील संपत्तीला बहुधा कोणीतरी धनी असतो. शेताला बांध असतो, रानाला हद्द असते, विहिरीच्या पाण्यावरही कोणाचा ना कोणाचा हक्क चालतो. समुद्रातील मासळीची गोष्ट वेगळी आहे. ती जाळ्यात येईपर्यंत कोणाचीच नसते आणि जाळ्यात येताच ज्याने ती ओढली त्याची होते. अशा स्थितीत आज हाती आलेला मासा उद्याच्या वाढीसाठी सोडून द्यावा, असे कोणाही एका मच्छीमारास वाटण्याचे कारण उरत नाही. कारण त्याने सोडलेला मासा दुसरा कोणीतरी पकडणार हे त्यास पक्के ठाऊक असते. यामुळेच समुद्रातून किती मासळी काढावी, केव्हा काढावी आणि कोणी काढावी हे ठरविण्याचे काम जगातील बहुतेक देशांत शासनाकडे आले.

शासन हे काम मुख्यतः दोन मार्गांनी करते. पहिला मार्ग म्हणजे मासेमारीच्या साधनांवर आणि काळावर बंधने घालणे. नौकांची संख्या, इंजिनांची शक्ती, जाळ्यांच्या आसाचा आकार, मासेमारीचा हंगाम व क्षेत्र यांविषयीचे नियम या मार्गात मोडतात. दुसरा मार्ग म्हणजे पकडीचे वजनच ठरवून देणे. एका विशिष्ट साठ्यातून एका वर्षात किती टन मासळी काढता येईल, याचा आकडा जाहीर केला जातो. त्यास 'एकूण अनुज्ञेय पकड' असे म्हणतात. हीच पकड पुढे देशांमध्ये, कंपन्यांमध्ये किंवा नौकांमध्ये वाटून दिली की प्रत्येकाच्या वाट्यास 'कोटा' असे नाव मिळते.

हा आकडा राजपत्राच्या एका ओळीत मावतो. परंतु तो ठरविण्यासाठी आणि पाळून घेण्यासाठी जो खर्च येतो, तो सामान्य नागरिकाच्या सहसा लक्षात येत नाही. हा खर्च कशावर होतो आणि शासनाचा पैसा मासळी मोजण्यापेक्षा मासेमारी वाढविण्याकडे अधिक वळला तर काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड येथे पाहावयास मिळते.

आकडा ठरतो कसा?

समुद्रातील मासे कोणी एकेक करून मोजू शकत नाही. साठ्याचा अंदाज दोन प्रकारच्या माहितीवरून बांधावा लागतो. पहिली माहिती किनाऱ्यावर मिळते. बंदरात उतरलेल्या मासळीचे वजन, लांबी व वय यांची नोंद घेतली जाते. माशाच्या कानात चुन्याचा एक लहानसा खडा असतो आणि झाडाच्या खोडाप्रमाणे त्यावर वर्षागणिक एकेक वलय उमटते. ही वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजून माशाचे वय कळते. कोणत्या वयाचे किती मासे दरवर्षी पकडले गेले हे ठाऊक असल्यास, त्या पिढीचे किती मासे पाण्यात शिल्लक असावेत याचे गणित मांडता येते.

दुसरी माहिती समुद्रावरून आणावी लागते. संशोधन नौका दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच प्रकारचे जाळे घेऊन, आधी ठरविलेल्या अनेक ठिकाणी ठराविक वेळ जाळे ओढते. जेथे मासळी विपुल आहे तेथेच नव्हे, तर जेथे ती नसण्याचा संभव आहे तेथेही जाळे टाकावे लागते. व्यापारी नौका आणि संशोधन नौका यांतील महत्त्वाचा भेद तो हाच. व्यापारी नौका मासळी शोधते, संशोधन नौका मासळीचे प्रमाण शोधते.

याखेरीज पकडीवर देखरेख ठेवणारा खर्च असतो. नौकांवर निरीक्षक ठेवणे, बंदरात वजनाची तपासणी करणे, गस्ती नौका व विमाने चालविणे, परवान्यांचे दप्तर सांभाळणे आणि नियम मोडणाऱ्यांवर खटले चालविणे ही सारी कामे पैशाची आहेत. १९९० च्या दशकातील आकड्यांवरून तीन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक तुलनात्मक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीच्या एकूण किमतीच्या मानाने व्यवस्थापनाचा सरकारी खर्च आइसलंडमध्ये सुमारे शेकडा ३, नॉर्वेमध्ये सुमारे शेकडा १० आणि न्यूफाउंडलंडमध्ये शेकडा १५ ते २५ इतका असल्याचे त्यांना आढळून आले. म्हणजे ज्या प्रदेशात व्यवस्थापनावर तुलनेने सर्वांत अधिक खर्च होत होता, त्याच प्रदेशात मासळीचा साठा कोसळला होता. या विसंगतीचा उलगडा करावयाचा तर थोडे मागे जावे लागेल.

कॉडचा किनारा

इ. स. १४९७ मध्ये जॉन कॅबट इंग्लंडहून पश्चिमेकडे निघून या परिसरात पोहोचला. तेथील समुद्रात कॉड मासळी इतकी दाट आहे की टोपलीला दगड बांधून ती पाण्यात सोडली तरी मासे वर येतात, अशी वार्ता त्याच्या सोबत्यांनी परत नेली. पुढील चार-साडेचार शतके पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स व इंग्लंड येथील दर्यावर्दी या किनाऱ्यावर येत राहिले. खारवून वाळविलेला कॉड युरोपात व वेस्ट इंडीजमध्ये विकला जाई. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील शेकडो लहान वस्त्या या एका माशाच्या आधाराने उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात कॅपलिन नावाच्या चिमुकल्या माशाचा पाठलाग करीत कॉडचे थवे किनाऱ्याजवळ येत, आणि लहान होड्यांतील मच्छीमार गळाने किंवा स्थिर जाळ्यांनी ते पकडीत. हिवाळ्यात मासळी दूर खोल पाण्यात जाई. तेथे होडी पोहोचत नसे. साठ्याचे खरे रक्षण या अंतराने केले होते. त्यासाठी कोणासही पैसा खर्चावा लागला नव्हता.

हे नैसर्गिक संरक्षण १९५० च्या दशकात संपले. १९५४ साली 'फेअरट्राय' ही ब्रिटिश कारखाना-नौका समुद्रात उतरली. प्रचंड ट्रॉल जाळे ओढणारी, पकडलेली मासळी नौकेवरच कापून गोठविणारी आणि अनेक आठवडे बंदराला न येता राहू शकणारी ही नौका पुढे साऱ्या जगास नमुना ठरली. सोव्हिएत संघ, स्पेन, पोर्तुगाल, पूर्व व पश्चिम जर्मनी, पोलंड या देशांच्या नौका बर्फाळ समुद्रात हिवाळ्यातही मासेमारी करू लागल्या. न्यूफाउंडलंडच्या ईशान्येकडील साठ्यातून, ज्यास उत्तरेकडील कॉड असे म्हणतात, १९६८ या एकाच वर्षी सुमारे ८ लाख १० हजार टन मासळी काढली गेली. त्यानंतर मात्र पकड वेगाने उतरू लागली आणि १९७८ साली ती सुमारे १ लाख ३९ हजार टनांवर आली.

वायव्य अटलांटिकसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग १९४९ च्या करारान्वये स्थापन झाला होता. त्याने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पकडमर्यादा ठरविण्यास सुरुवात केली. पण उत्तरेकडील कॉडसाठी १९७३ साली ठरलेली मर्यादा ६ लाख ६६ हजार टनांची होती. नौकांना तेवढी मासळी सापडतच नव्हती. जी मर्यादा प्रत्यक्ष पकडीच्या वर असते ती मर्यादा असून नसल्यासारखीच होय.

दोनशे मैलांनंतर

१ जानेवारी १९७७ रोजी कॅनडाने आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतची मासेमारी स्वतःच्या अखत्यारीत घेतली. परदेशी नौकांना बाहेर जावे लागले. आता साठ्याची भरपाई होणार, आणि तिचे फळ देशातील मच्छीमारांना मिळणार, असा विश्वास सर्वत्र पसरला. या विश्वासात वावगे काही नव्हते. चूक झाली ती पुढे.

कॅनडाने स्वतःसाठी घालून घेतलेले धोरण सावध होते. पकडण्याजोग्या साठ्यापैकी दरवर्षी ढोबळमानाने एक-पंचमांशाहून अधिक मासळी काढावयाची नाही, असे त्यात अभिप्रेत होते. परंतु याच काळात शासनाचा पैसा दुसऱ्या बाजूने उद्योगाच्या विस्ताराकडे वाहत होता. नौका बांधण्यास अनुदाने व कर्जे मिळत होती. मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना परवाने देण्याचा अधिकार प्रांतिक सरकारकडे होता, तर मासेमारीचा अधिकार ओटावा येथील संघीय सरकारकडे. एका सरकारने पकड आवरावयाची आणि दुसऱ्याने ती सामावून घेणारे कारखाने वाढवावयाचे, असा प्रकार सुरू झाला. हंगामी मच्छीमारांना १९५७ पासून बेकारी विम्याचा लाभ मिळत होता. त्यामुळे अपुऱ्या मिळकतीचा हा धंदा सोडून जाण्याची निकड कमी झाली होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नोंदलेल्या मच्छीमारांची संख्या दुपटीहून अधिक झाली.

विस्ताराचे हे ओझे १९८० च्या दशकाच्या आरंभी उद्योगावरच कोसळले. व्याजाचे दर वाढले आणि मोठ्या कंपन्या दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आल्या. तेव्हा संघीय सरकारने एक कार्यदल नेमले आणि त्यानंतर सरकारी पैसा घालून या कंपन्यांची नव्याने उभारणी केली. ज्या कंपन्यांत सरकारचा पैसा गुंतला त्यांना मासळी मिळत राहणे ही आता सरकारचीही गरज झाली. पकडमर्यादा ठरविणारा हात आणि पकडीवर अवलंबून असलेला हात एकाच देहाचे झाले, असे म्हणावयास हरकत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यास उत्तरेकडील कॉडची मर्यादा २ लाख ६६ हजार टनांपर्यंत चढविण्यात आली.

दोन साक्षी

या वर्षांत साठ्याची स्थिती सांगणाऱ्या दोन साक्षी शास्त्रज्ञांपुढे होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. मोठ्या ट्रॉलर नौकांना ताशी मिळणारी मासळी वाढतच होती. त्यावरून साठा वाढत आहे असा निष्कर्ष निघे. संशोधन नौकेची पाहणी मात्र इतकी वाढ दाखवीत नव्हती. पाहणीचे आकडे वर्षागणिक बरेच खालीवर होत. १९८६ साली तर ते एकाएकी खूप वर गेले आणि आशेला आणखी बळ मिळाले.

ट्रॉलरच्या साक्षीत कोणता दोष होता? कॉड हा थव्याने राहणारा मासा आहे. साठा घटला तरी उरलेले मासे एकत्र येऊन दाट थवे करतात. प्रतिध्वनियंत्राच्या साह्याने नौका नेमकी तेथे पोहोचते. नाविकांचे कसब दरवर्षी वाढते, यंत्रे सुधारतात, आणि थव्यांची संख्या घटत असूनही प्रत्येक नौकेची जाळी भरून येतात. धान्याच्या कोठारात दाणे संपत आले असताना उरलेली रास एका कोपऱ्यात सारून मापटे भरून घ्यावे, तसाच हा प्रकार होता. मापटे शेवटपर्यंत भरलेलेच निघते.

तिसरी साक्ष किनाऱ्यावरील लहान मच्छीमारांची होती. त्यांची जाळी एकाच जागी रोवलेली असत. ती मासळीच्या मागे जाऊ शकत नव्हती. म्हणूनच किनाऱ्याकडे येणारी मासळी कमी झाली की ते प्रथम त्यांनाच कळे. मासे लहान येतात आणि थोडे येतात, अशी तक्रार ते १९८० च्या दशकात सातत्याने करीत होते. त्यांनी आपली संघटना बांधली, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सरकारी अंदाजाची तपासणी करवून घेतली आणि न्यायालयाचे दारही ठोठावले. परंतु त्यांची माहिती सरकारी गणिताच्या कोष्टकात बसत नव्हती. शास्त्रीय पाहणीच्या मानाने ही माहिती जवळजवळ फुकट मिळणारी होती, आणि तिची दखल न घेणे पुढे फार महागात पडले.

१९८९ चा निर्णय

१९८८ च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी आपले गणित नव्याने मांडले. साठ्याचा पूर्वीचा अंदाज फुगलेला होता आणि मासेमारीमुळे होणारा नाश ठरविलेल्या प्रमाणाच्या दुपटीहूनही अधिक होता, असे त्यातून दिसून आले. धोरणाप्रमाणे चालावयाचे तर १९८९ सालची मर्यादा सुमारे १ लाख २५ हजार टनांवर आणावी लागली असती. प्रत्यक्षात ती २ लाख ३५ हजार टन ठेवण्यात आली.

मंत्र्यांपुढील अडचण खोटी नव्हती. पकड एकाएकी निम्म्यावर आणणे म्हणजे कारखाने बंद करणे, नौका बंदरात बांधून ठेवणे आणि ज्या वस्त्यांत दुसरा धंदा नाही तेथील हजारो कुटुंबांना घरी बसविणे. मेमोरियल विद्यापीठाचे अध्यक्ष लेस्ली हॅरिस यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र समिती नेमण्यात आली. समितीने १९९० साली दिलेल्या अहवालात शास्त्रज्ञांची नवी चिंता रास्त ठरविली आणि मासेमारीचा भार उतरविण्याची शिफारस केली. तरीही मर्यादा एकेक पायरीने उतरली. १९९१ साली ती १ लाख ९० हजार टन होती आणि १९९२ च्या आरंभी १ लाख ८५ हजार. साठा याहून कितीतरी वेगाने खाली जात होता.

दोष केवळ कॅनडाचा नव्हता हेही नमूद केले पाहिजे. दोनशे मैलांच्या रेषेबाहेर ग्रँड बँक या उथळ सागरी पठाराचा थोडा भाग येतो आणि तेथे युरोपीय नौका आंतरराष्ट्रीय कोट्याहून अधिक मासळी पकडीत होत्या. शिवाय त्याच वर्षांत पाण्याचे तापमानही विलक्षण उतरले होते. परंतु निसर्ग प्रतिकूल होण्याचा संभव गृहीत धरूनच मर्यादा ठरवावयाची असते. दुबळ्या झालेल्या साठ्याला एखादे वाईट वर्षही सोसत नाही.

२ जुलै १९९२

२ जुलै १९९२ रोजी संघीय मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी सेंट जॉन्स येथील एका हॉटेलात उत्तरेकडील कॉडची मासेमारी दोन वर्षांसाठी बंद केल्याचे जाहीर केले. क्रॉस्बी स्वतः न्यूफाउंडलंडचेच होते. संतापलेले मच्छीमार सभागृहाचे दार फोडून आत शिरू पाहत होते. आठवड्याला २२५ डॉलरची मदत प्रथम जाहीर झाली. विरोधानंतर ती जास्तीत जास्त ४०६ डॉलरपर्यंत वाढविण्यात आली. न्यूफाउंडलंडमधील सुमारे ३० हजार माणसांचे काम एका दिवसात गेले. कॅनडाच्या इतिहासात एकाच वेळी इतक्या लोकांचा रोजगार यापूर्वी बुडाला नव्हता.

दोन वर्षे संपली, पण मासळी परतली नाही. इतर साठ्यांवरही बंदी आली. मे १९९४ मध्ये सरकारने १९० कोटी कॅनेडियन डॉलरची पाच वर्षांची नवी योजना सुरू केली. हिच्यातून तीन गोष्टी साधावयाच्या होत्या: मच्छीमारांच्या कुटुंबांना निर्वाहवेतन, दुसऱ्या धंद्याचे शिक्षण आणि परवाने विकत घेऊन नौकांची शक्ती निम्म्यावर आणणे. परंतु पात्र ठरलेल्यांची संख्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक निघाली. शिक्षणासाठी ठेवलेला पैसा निर्वाहवेतनाकडे वळवावा लागला आणि तरीही निधी मुदतीआधी, १९९८ सालीच, संपला. त्याच वर्षी ७३ कोटी डॉलरची आणखी एक योजना जाहीर करणे सरकारला भाग पडले.

पैशाने पोट भरले, पण वस्ती टिकली नाही. ज्या गावात बापाने आणि आजाने जाळी टाकली त्या गावातील तरुण मुले पश्चिमेकडील प्रांतांत कामासाठी निघून गेली. १९९१ साली प्रांताची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६८ हजार होती. २००१ साली ती सुमारे ५ लाख १३ हजार भरली. कोळंबी आणि खेकडे यांची मासेमारी वाढली, आणि मासळीची एकंदर किंमत पाहता उद्योग सावरलाही. पण या धंद्यास माणसे थोडी लागतात आणि परवाने मोजक्यांनाच मिळतात. दोन वर्षांसाठी घातलेली बंदी अधूनमधूनच्या मर्यादित सवलती वगळता बत्तीस वर्षे टिकली. जून २०२४ मध्ये ती उठविण्यात आली तेव्हा त्या वर्षासाठी ठरलेली मर्यादा १८ हजार टन होती. १९६८ च्या पकडीचा हा पंचेचाळिसावा हिस्सा होय.

आता प्रारंभीच्या विसंगतीचा उलगडा होतो. न्यूफाउंडलंडमध्ये व्यवस्थापनाच्या खर्चाचे प्रमाण मोठे दिसते, याचे एक कारण असे की खर्च तेवढाच राहिला आणि ज्या मासळीशी त्याची तुलना करावयाची ती मासळीच उरली नाही. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. जेथे प्रमाणाबाहेर नौका आणि माणसे एकाच साठ्यावर अवलंबून असतात, तेथे प्रत्येक नियम मोडण्याचा मोह मोठा असतो, आणि म्हणून प्रत्येक नियम राखण्याचा खर्चही मोठा असतो. विस्तारासाठी दिलेले अनुदान अशा रीतीने पुढील देखरेखीचा खर्च आपोआप वाढवून ठेवते.

हा भार कोणी उचलावा?

पकडीचा लाभ मच्छीमारास व कंपनीस मिळतो. मग मोजणीचा व पहाऱ्याचा खर्च सर्वसामान्य करदात्याने का सोसावा, हा प्रश्न अनेक देशांत विचारला गेला. न्यूझीलंडने १९८६ साली हस्तांतरणीय कोट्याची पद्धत सुरू केली. आरंभी प्रत्येकाचा कोटा टनांत निश्चित केलेला होता. त्यामुळे एखाद्या साठ्याची मर्यादा उतरवावयाची झाल्यास सरकारला कोटा बाजारातून विकत घ्यावा लागला असता. 'ऑरेंज रफी' या खोल समुद्रातील, अतिशय सावकाश वाढणाऱ्या माशाच्या बाबतीत ही वेळ येताच तो बोजा किती मोठा असेल हे ध्यानात आले. १९९० साली नियम बदलून कोटा हा एकूण मर्यादेचा ठराविक हिस्सा मानण्यात आला, म्हणजे मर्यादा उतरली की सर्वांचा वाटा त्याच प्रमाणात उतरतो. १९९४ पासून तेथे संशोधन व देखरेख यांच्या खर्चाचा भाग उद्योगाकडून वसूल केला जातो. आइसलंडनेही २००४ पासून कोटाधारकांवर शुल्क बसविले.

या पद्धतींवर टीकाही झाली आहे. कोटा विकता येऊ लागला की तो हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे जमा होतो आणि लहान बंदरे ओस पडतात, असा अनुभव आहे. तथापि खर्चाचा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला, हे त्यांचे श्रेय मान्य करावे लागते.

जगाचा एकत्रित हिशेब पाहिला तर पैशाचा कल अजूनही जुन्याच दिशेने दिसतो. २०१८ या वर्षासाठी केलेल्या एका अंदाजानुसार जगातील सरकारांनी मत्स्यव्यवसायाला सुमारे ३,५४० कोटी अमेरिकन डॉलरचे साह्य दिले. त्यांपैकी सुमारे २,२२० कोटी डॉलर इंधन, नौकाबांधणी यांसारख्या मासेमारीची शक्ती वाढविणाऱ्या बाबींवर गेले, तर व्यवस्थापन, संशोधन व संरक्षण यांसारख्या हितकर बाबींच्या वाट्यास सुमारे १,०६० कोटी आले. जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये या अनुदानांना लगाम घालणारा करार संमत केला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी तो अमलात आला. त्याच्या वाटाघाटींत भारताने विकसनशील देशांसाठी पंचवीस वर्षांच्या सवलतीचा आग्रह धरला होता. श्रीमंत देशांच्या दूरगामी नौकांना मिळणारे साह्य आणि होडीवाल्यास मिळणारे डिझेल एकाच तागडीत घालता येणार नाही, हा त्यामागील मुद्दा होता.

भारतीय किनाऱ्यावरील मार्ग

भारताने पकडीचे वजन ठरविण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे स्वीकारलेला नाही, आणि त्यास सबळ कारणे आहेत. न्यूफाउंडलंडच्या जाळ्यात मुख्यतः एकच जात येई. उष्ण कटिबंधातील एका ट्रॉल जाळ्यात कोळंबी, बळा, राणीमासा, माकूल, मांदेली अशा डझनावारी जाती एकत्र येतात. एकीची मर्यादा संपली म्हणून ती वगळून दुसरी पकडणे जाळ्यास शक्य नसते. शिवाय २०१० च्या गणनेनुसार देशाच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची ३,२८८ गावे आणि मासळी उतरविण्याची १,५११ केंद्रे होती. त्या प्रत्येक ठिकाणी वजनकाटा व निरीक्षक ठेवावयाचा तर खर्च मासळीच्या किमतीशी स्पर्धा करू लागेल. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था म्हणूनच नमुना पद्धतीने निवडक केंद्रांवर व निवडक दिवशी मोजणी करून देशाच्या पकडीचा अंदाज बांधते. थोड्या खर्चात उपयुक्त माहिती मिळविण्याची ही पद्धत भारतीय परिस्थितीस साजेशी आहे.

नियंत्रणाचा भर मग हंगाम, क्षेत्र आणि साधने यांवर राहिला. विस्तार आणि बंधन यांतील ओढाताण येथेही दिसून आली. १९५० च्या दशकात केरळात नॉर्वेच्या साह्याने यांत्रिक नौकांचा प्रकल्प सुरू झाला आणि पुढील काळात कोळंबीच्या निर्यातीमुळे ट्रॉलर झपाट्याने वाढले. गोव्यात रापण ओढणाऱ्या रापणकारांनी १९७० च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. अशा संघर्षांतून १९८० साली केरळ व गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. किनाऱ्यालगतची पट्टी लहान मच्छीमारांसाठी राखण्यात आली. १९८८ पासून केरळने पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेवण्यास प्रारंभ केला. २०१५ पासून केंद्राच्या अखत्यारीतील समुद्रात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची बंदी पाळली जाते. महाराष्ट्राने २०१६ साली पर्ससीन जाळ्यांचे परवाने व हंगाम यांवर निर्बंध घातले. केरळने २०१५ पासून टप्प्याटप्प्याने ५८ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली.

मोजणीवाचून नियम आंधळे राहतात याचा प्रत्यय तारलीच्या बाबतीत येतो. केरळात २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली उतरली. २०२१ साली ती अवघी ३,३०० टनांच्या आसपास होती. २०२३ पर्यंत ती पुन्हा लाख टनांवर गेली. तारली लवकर वाढणारी आणि समुद्राच्या लहरीनुसार घटणारी-वाढणारी मासळी आहे. दर चढउताराचे खापर मच्छीमाराच्या माथी फोडणे योग्य होणार नाही. पण वर्षानुवर्षांची नोंद हाती असल्यामुळेच हा फरक ओळखता येतो आणि वाईट वर्षांत अंडी घालणारी व लहान मासळी राखण्याचा सल्ला देता येतो.

पैशाच्या वाटणीचा प्रश्न मात्र येथेही आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचा एकंदर अंदाज २०,०५० कोटी रुपयांचा होता. तीत नौका, बंदरे, शीतगृहे, गोड्या पाण्यातील मत्स्यशेती अशा अनेक बाबी होत्या. बंदीच्या काळात मच्छीमारास सरकारकडून ३,००० रुपये आणि त्याने स्वतः साठविलेले १,५०० रुपये मिळावेत, अशीही तरतूद त्यात होती. दोन महिने होडी वर ओढून ठेवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम किती अपुरी आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. बंदी पाळली जावी असे वाटत असेल तर ती पाळणाऱ्याचे घर चालले पाहिजे. हादेखील व्यवस्थापनाचाच खर्च होय. त्याला दानधर्म समजणे चुकीचे ठरेल.

न्यूफाउंडलंडने काय गमावले, याचा हिशेब आज स्वच्छ मांडता येतो. १९८९ साली मर्यादा निम्म्यावर आणली असती तर सरकारला मोठी रक्कम भरपाईपोटी द्यावी लागली असती, कारखाने बंद पडले असते आणि मंत्र्यांना रोष पत्करावा लागला असता. हे सारे तीन वर्षांनी घडलेच; फरक एवढाच की तोवर साठाही गेला होता, आणि भरपाईचा पैसा परत मिळवून देणारे दुसरे काही समुद्रात उरले नव्हते. संशोधन नौकेची फेरी, बंदरावरील मोजणीदार, गस्तीचे जहाज आणि किनाऱ्यावरील जाणत्या मच्छीमाराचे म्हणणे नोंदवून घेणारा अधिकारी यांवरचा खर्च अंदाजपत्रकात लहान असतो, आणि काटकसरीची वेळ आली की बहुधा तोच प्रथम छाटला जातो. सेंट जॉन्सच्या किनाऱ्यावरील अनुभव पाहता, तो सर्वांत शेवटी छाटला जाणे हिताचे आहे.